दादाच्या गंधमुक्तीच्या कार्डावर माझं नाव आहे. जाऊ का? (आमच्यात हिश्श्याची केस चालू आहे)

तेरणाकाठची

माझं माहेर निलंगा तालुक्यात, तेरणेच्या काठी. मी नांदेडला असते. माझा मोठा भाऊ गेला. आमच्या फिडरला त्या आठवड्यात रात्रीची लाइट होती. दादा हरभऱ्याला पाणी द्यायला गेला, ओलीत उभं राहून स्टार्टरला हात लावला आणि तिथंच पडला. सकाळी शेजारचा गडी बैल घेऊन गेला तेव्हा कळलं.

मला कुणी कळवलं नाही. दुपारी भाचीचा फोन आला, "आत्या, पप्पा गेले. उरकलंय सगळं." मागं बायांचं रडणं ऐकू येत होतं, त्यात मायचा आवाज मी ओळखला. भाचीनं फोन लगेच ठेवला. केस उभी राहिली तेव्हा ही पोर चौथीत होती, आता नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. इतक्या वर्षांत तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, तो असा.

परवा व्हॉट्सॲपवर गंधमुक्तीचं, म्हणजे सुतक फिटायच्या विधीचं, कार्ड आलं. दादाचा फोटो, कीर्तनाची वेळ, खाली शोकाकुल म्हणून नावं. मायचं, वहिनीचं, पोरांचं, ताईचं आणि त्याखाली माझं. सासरच्या आडनावासकट, बरोबर लिहिलेलं. कार्डाबरोबर "या" म्हणून फोन नाही, निरोप नाही. नाव कुणी टाकलं तेही माहीत नाही.

आता तुटलं कशावरून ते सांगते, नाहीतर सल्ला देता यायचा नाही. अप्पा गेल्यावर सातबाऱ्यावर वारस म्हणून मायचं, दादाचं आणि आम्हा दोघी बहिणींची नावं लागली. दादा हक्कसोडीचा कागद घेऊन आला. ताईनं सही केली. माझे मालक तेव्हा डायलिसिसवर होते, आठवड्यातून दोनदा. मी म्हटलं, दादा, मला माझा वाटा लागतोय, जमीन नको देऊ, पैशात दे, हप्त्यानं दे. तो म्हणाला, "बहिणी हिस्सा मागत नसतात." भावकीतल्या दोघांनी मध्ये पडून बघितलं, जमलं नाही. मग तालुक्याच्या कोर्टात वाटणीचा दावा टाकला. त्या दिवसापासून माहेरचं दार बंद. पहिल्या वर्षी मी पोस्टानं राखी पाठवली. ती परत आली नाही, पण उत्तरही आलं नाही. पुढंही पाठवत राहिले.

तारखेला भेट व्हायची. बोलणं नाही. तो पिंपळाच्या पारावर बसायचा, मी व्हरांड्यात. एकदा माझ्या वकिलाला यायला उशीर झाला, तेव्हा तो उठून माझ्यापाशी आला, "मालकाचं कसं आहे?" एवढंच विचारलं आणि परत पारावर जाऊन बसला. मालक गेले तेव्हा तो आला नाही. महिन्याभरानं गावातला एक माणूस एक पोतं ज्वारी दारात ठेवून गेला. कुणी दिली ते सांगेना. मी पीठ मळायला घेतलं आणि पहिल्या भाकरीलाच कळलं, आमच्या नदीकाठच्या काळ्या रानातली आहे.

आणखी एक. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, 3 वाजून 56 मिनिटांनी, आमचं माळवद खाली आलं. आदल्या रात्री गणपती बोळवले होते, दादा पोरांबरोबर मारुतीच्या पारावर झोपलेला म्हणून वाचला. धाब्याच्या मातीखालून त्यानंच मला ओढून काढलं. तुझी वेणी दिसली म्हणून सापडलीस, असं तो लोकांना सांगायचा. भूकंपानंतर बांधलेल्या ज्या घरात जाऊ का म्हणून मी विचारते आहे, त्याच्या पायात माझ्या लहान हातांनी वाहिलेले दगड आहेत.

मला जायचंय. पण वहिनीला मी आलेली चालेल का, हे मला माहीत नाही. गेले तर कधी जाऊ, काय नेऊ, कुठं बसू? आणि खरी अडचण ही, की वकिलाला दादा गेल्याचं सांगितलं तर ते म्हणाले, 90 दिवसांच्या आत त्याच्या वारसांची नावं दाव्यात लावावी लागतील. म्हणजे वहिनीचं आणि पोरांचं. मग त्यांच्या नावानं समन्स निघणार. आज मी तिच्या गळ्यात पडून रडायचं आणि उद्या बेलिफ तिच्या दारात. हे कसं करू, ते सांगा.

केस काढून घे, असं सांगू नका. मुलगा शिकतोय, मालकाच्या आजारपणाचं कर्ज अजून फिटायचंय, आणि तो वाटा माझा आहे. मला दादाचं रडायचंही आहे.

औशाची काकू

बाई, तुझं लिहिलेलं दोनदा वाचलं. जा.

कार्डावर नाव म्हणजे बोलावणंच असतंय. छापायच्या आधी कार्ड घरातल्या मोठ्या माणसाला वाचून दाखवतात, कुणाचं राहिलं, कुणाचं चुकलं म्हणून. पोरीनं टाकलेलं असलं तरी तुझ्या मायनं आणि वहिनीनं ऐकलंच असणार. नको असतं तर काढलं असतं. आमच्याकडं नावं काढायला लोक मागंपुढं बघत नाहीत.

फक्त गंधमुक्तीच्या दिवशी पहिलं पाऊल टाकू नको. त्या दिवशी मंडप, माईक, कीर्तन, पंगत, पाचपन्नास सोयरे. तुझ्याकडं सगळे बघणार, वहिनीला रडताही यायचं नाही. एक-दोन दिवस आधी जा, सकाळच्या पारी. एकटी जाऊ नको, ताईला बरोबर घे. दारात गेलीस की कुणाशी न बोलता सरळ मायपाशी जा, तिथंच खाली बस. पुढचं आपसूक होतंय.

नेताना ज्वारीचं पीठ, तूरडाळ, चहापत्ती, साखर, तेल असं ने. घरात माणसं येऊ लाल्यात, चुलीवर भांडं सारखं चढलेलं असतंय, त्याचा उपयोग होतो. गोडधोड नाही. दुखवट्याचं लुगडं वहिनीला गंधमुक्तीच्या दिवशी दे, ताईबरोबरच. भाच्याला टोपी मामा घालत असतो, त्यात तू पडू नको.

भूकंपाच्या साली कोण कुणाच्या दारात गेलं, कुणाचं काय भांडण होतं, हे कुणी विचारलं होतं का? आमच्या गल्लीत चार वर्षं बोलणं नसलेल्या जावा एका ताडपत्रीखाली राहिल्या.

सोयाबीनवाला

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मी तुमच्या दादाच्या जागेवरचा माणूस आहे. माझ्या बहिणीनं माझ्यावर केस केली. जमीन चार एकर, त्यावर सोसायटीचं कर्ज, बहिणींच्या लग्नाचं सावकारी कर्ज वडिलांनंतर मीच फेडलं. सोयाबीनचा भाव हमीभावाच्या खाली जातो तेव्हा बहीण अर्धा तोटा घ्यायला येत नाही.

तुमच्या घरात आत्ता कमावता माणूस गेलाय. पोरगा लहान असेल. अशा वेळी वहिनीच्या नावानं कोर्टाचा कागद जाणं बरोबर वाटत नाही. वर्षभर तरी थांबा, मग बघा. जायचं तर जरूर जा, पण भावकीतले लोक म्हणणार, रान बघायला आली. ऐकायची तयारी ठेवा.

तेरणाकाठची

राग नाही. तुमच्यावर आलं ते खरं आहे, आणि दादावरही कर्ज होतं, मला माहीत आहे. कर्जासकट वाटणी करू, असं मी तेव्हाही म्हटलं होतं, दाव्यातही तसंच लिहिलंय. माझ्या लग्नाचं म्हणाल तर अप्पांनी एक बैलजोडी आणि आंब्याखालचा तुकडा विकला होता. तो पैसा माझ्या सासऱ्याकडं गेला, माझ्या हातात आला नाही. तो माझा वाटा होता असं कुणी म्हटलं की मला गप्प बसवत नाही.

भाचा दहावीला आहे. तुम्ही म्हणता ते वर्षभर थांबणं मला मनापासून आवडलं असतं. 90 दिवसांचं काय करू? कुणी वकील असेल तर सांगा, खरंच थांबता येतं का?

कोर्टाची पायरी

मी लातूरला दिवाणी बाजू बघते. तुमचे कागद बघितलेले नाहीत, म्हणून कायदा जसा आहे तसा सांगते. शेवटी तुमच्या वकिलांचंच ऐका.

वर्षभर थांबता येत नाही. प्रतिवादी वारला तर त्याचे वारस 90 दिवसांत रेकॉर्डवर आणायचे असतात, दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 22, नियम 4. नाही आणले तर त्याच्यापुरता दावा आपोआप संपतो. मग तो पुन्हा उभा करायला 60 दिवस मिळतात, त्याच्याही नंतर गेलात तर उशिराचं पटेल असं कारण द्यावं लागतं. आधीच एवढी वर्षं गेलीत, हा धोका घेऊ नका. पण 90 दिवस म्हणजे उद्याच अर्ज दिला पाहिजे असंही नाही. मधली जी तारीख असेल तिला तुमचे वकील दादाच्या निधनाची माहिती देतील, अर्ज महिना-दीड महिन्यानं द्या. तेवढी जागा तुमच्याकडं आहे.

आता वाट्याचं. भाऊ गेल्यानं तुमचा हिस्सा कमी होत नाही, वाढतही नाही. भावाला जे मिळायचं होतं ते त्याची बायको, मुलगा, मुलगी आणि आई यांच्यात सारखं जाईल. बहीण त्यात येत नाही, कारण हे चौघं पहिल्या वर्गाचे वारस आहेत. वहिनीला हे तुमच्या तोंडून ऐकू द्या. नवरा गेला की बायकांना भावकीतले लोक पहिलं हेच सांगून घाबरवतात, की आता नणंदा सगळं नेणार. तुमचा हक्क तुमच्या वडिलांकडून आलाय, हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं मुलगी जन्मानंच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेतली वाटेकरी, आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा प्रकरणात ते पक्कं केलंय. तिच्या नवऱ्याच्या वाट्याला तुम्ही हात लावत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे तिला कळलं की समन्सची धार बरीच कमी होईल.

तिथं गेल्यावर एक सांभाळा. अशा घरांत दुःखाच्या दिवशी कुणीतरी शहाणा माणूस स्टँप पेपर पुढं करतो, "दादाच्या आत्म्याला शांती मिळेल, कर सही." मी हे पाहिलंय, एकदा नाही. हक्कसोड नोंदणी कार्यालयात नोंदवल्याशिवाय चालत नाही, पण सही केलेला कागद पुढं कोर्टात तुमच्या विरोधात दाखवला जातो. कुठल्याच कागदावर सही करू नका. "आज मी रडायला आलेय" एवढं म्हणून उठा.

आणि पुढं वहिनीची तयारी दिसली तर लोकअदालतीत तडजोड करा. तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखाच असतो, अपील नाही, भरलेली कोर्ट फी परत मिळते. भाचा कायद्यानं अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांच्या आतला, आहे, म्हणून त्याच्या वतीनं तडजोडीला कोर्टाची परवानगी लागेल. ती मिळते, अट एवढीच की त्याचं नुकसान होता कामा नये.

रानशिवार

माझं काम कृषी खात्यातलं आहे. केसचं मला कळत नाही, पण एक गोष्ट या धाग्यात कुणी लिहिली नाही आणि तिला मुदत आहे.

शॉक लागून शेतकरी गेला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत कुटुंबाला 2 लाख रुपये मिळतात. 2023 पासून विमा कंपनी मध्ये नाही, अर्ज थेट तालुका कृषी अधिकाऱ्याकडं द्यायचा. मुदत 30 दिवस. वारसांत पहिला मान पत्नीचा. सातबारा, मृत्यूचा दाखला, वयाचा पुरावा, पोलिसांचा घटनास्थळ पंचनामा, शवविच्छेदन अहवाल असे कागद लागतात. तुमच्या दादाचं शवविच्छेदन झालंय का, ते आधी विचारा. गावाकडं "कशाला चिरफाड" म्हणून पुष्कळदा तसंच अग्नी देतात आणि मग अर्ज अडकतो.

घरात रडारड चालू असते, महिना कसा जातो कळत नाही. असे अर्ज मुदतीनंतर येताना मी बघतो, त्याचं वाईट वाटतं. तुम्ही शिकलेल्या दिसता, कोर्टकचेरीची सवय आहे. हे कागद गोळा करायला वहिनीला हात द्या.

पूर्णेची लेक

ताई, मी तुमच्या वहिनीच्या जागेवर होते. परभणी जिल्ह्यातली. माझे मालक गेले तेव्हा माझ्या नणंदेचीही आमच्यावर केस होती. म्हणून मला जे आठवतंय ते लिहिते.

पहिले दिवस मला माणसं दिसतच नव्हती. येतात, गळ्यात पडतात, कसं झालं विचारतात, मी तेच तेच सांगायची. नणंद आली तेव्हा माझ्या अंगाला काटा आला, आता ही काय म्हणते. ती काहीच बोलली नाही. माझ्या सासूपाशी बसली, नंतर उठून मागच्या दारी भांडी घासायला लागली. पहिल्या रात्री मी तिच्याशी बोलले नाही. तुमची वहिनीही बोलणार नाही कदाचित. त्यावरून मागं फिरू नका.

बांगड्या फोडायला बायका जमल्या तेव्हा तीच पुढं झाली आणि म्हणाली, "हिच्या हाताला कुणी हात लावायचा नाही." माझी माहेरची माणसं गप्प उभी होती. पुढं 2022 साली कोल्हापूरकडच्या हेरवाड गावानं विधवांच्या या चालीरीती बंद करायचा ठराव केला, सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. आता बोलायला तेवढा आधार तरी आहे, तुम्ही त्याचं नाव घ्या. तुमच्या वहिनीचं कुंकू, बांगड्या, जोडवी यातलं अजून काय शिल्लक आहे मला माहीत नाही. पण दुखवट्याचं लुगडं न्याल ते पांढरं, फिकट नेऊ नका. तिच्या आवडीचा रंग भाचीला विचारा.

केसचं म्हणाल तर मला कागद बेलिफाकडून कळला नाही. महिन्यानं नणंद परत आली, मंडप सुटला होता, सोयरे गेले होते, घर रिकामं होतं. चहा मीच केला. तिनं स्वतः सांगितलं, "असा असा कागद येणार आहे, त्यावर तुझं नाव असणार आहे, घाबरू नको, कोर्टात तुला पहिल्यांदा मी घेऊन जाते." मी खूप रडले, तिला बोलले पण. पण कागद आला तेव्हा मला धक्का बसला नाही. केस अजून मिटलेली नाही. दोघी एकाच यष्टीनं तारखेला जातो.

तुम्ही पहिल्या भेटीत हे बोलू नका, मायसमोर तर नाहीच. पण बेलिफाच्या आधी तुमच्याच तोंडून कळू द्या. आणि त्या ज्वारीच्या पोत्याबद्दल वहिनीला विचारा कधीतरी. आमच्याकडं धान्याच्या कोठीची किल्ली बाईच्या हातात असते.

तेरणाकाठची

पोत्याचं असं कधी डोक्यातच आलं नव्हतं. मी इतकी वर्षं ती दादाची ज्वारी समजत होते.

आत्ताच ताईशी बोलले. तिनंही कार्डाबद्दल विचारलं नव्हतं, पण म्हणाली, "मी तुझ्याच फोनची वाट बघू लाले." उद्या ती लातूरहून निघते, मी नांदेडहून, निलंग्याच्या स्टँडवर भेटतो आणि पुढं एकत्र. गंधमुक्तीला अजून दोन दिवस आहेत. येळवसही, म्हणजे आमची रानातली वेळ अमावस्या, जवळ आली, दादाशिवाय रानात कडब्याची कोप कोण बांधणार, भज्जी कोण करणार, हे काही मी मायला विचारणार नाही.

भाचीला मेसेज केला. शवविच्छेदन झालंय, पोलिस पाटलानं अडवलं म्हणून झालं. वहिनीचा रंग तिनं लगेच कळवला, मोरपंखी. वकिलांनाही सांगितलं, अर्ज पुढच्या महिन्यात, त्याआधी मी एकदा गावी जाऊन येणार.

रानशिवार, एक विचारायचं होतं. त्या योजनेला वारसाचा दाखला कोर्टातून काढावा लागतो का? तसं असेल तर 30 दिवसांत होणं कठीण आहे. आणि सातबाऱ्यावर आमचीही नावं आहेत, त्यानं वहिनीचा अर्ज अडेल का?

रानशिवार

कोर्टाचा दाखला नको. तलाठ्याकडं, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडं, वारस नोंदीचा अर्ज द्या, गाव नमुना 6-क, म्हणजे वारसांच्या नोंदवहीतली, नोंद चालते. तो अर्ज या आठवड्यातच जाऊ द्या, त्याला वेळ लागतो. सातबारा सामाईक असला तरी दादांचं नाव त्यावर आहे ना, मग अडत नाही. तुमची संमती वगैरे काही लागत नाही, हे पैसे वहिनींचे आहेत. शवविच्छेदन अहवाल आणि पंचनाम्याची नक्कल आधी मागून घ्या, पोलिस ठाण्यातून मिळायला तेच सगळ्यात उशीर करतात. भाचीला बरोबर न्या, तिला फॉर्म भरू द्या. तालुक्याच्या कार्यालयात अर्ज दिला की पोच घ्यायला विसरू नका, तारखेचा शिक्का असलेली.